मुनशीची झडती

आंधळगावात बिड्या वळणाऱ्या आठ-दहा बाया दुपारी सत्यभामाबाईंच्या ओसरीत जमत. मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूपानं आणि तंबाखू. हात चालू असताना तोंडानं गोष्ट चाले, पण ती कुणा एकीची नसे. प्रत्येकीनं एक पात्र घ्यायचं. कुणी राणी व्हायची, कुणी चोर, एकजण तर हट्टानं तलावातली मगरच व्हायची. सत्यभामाबाई फक्त अडचण आणत.

"राणीच्या वाटेत पूर आला. सांग वं राणी, काय करतं आता?"

राणी सांगायची आणि पाच कवड्या टाकायची. तीन उताण्या पडल्या तर तिनं म्हटलं तसं झालं. कमी पडल्या तर फसलं, आणि कसं फसलं ते शेजारची सांगणार. नेम दोनच होते. दुसरीच्या पात्राच्या तोंडून बोलायचं नाही, आणि एकदा बोललेलं मागे घ्यायचं नाही.

एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात बिडी कारखान्यात पानांची एक मोळी कमी भरली. वळलेल्या बिड्या तपासून घेणारा मुनशी होता धनीराम. त्यानं बिड्या द्यायच्या रांगेतून सत्यभामाबाईंना बाहेर बोलावलं. पदर झटकायला लावला, ओटी सोडायला लावली, मग म्हणाला, "अंबाडा सोड." मागे चाळीस माणसं उभी होती. बाईंनी केस सोडले. काही निघालं नाही.

"चाल, पुढची," धनीराम म्हणाला.

घरी त्यांनी नवऱ्याला, तुलारामला, सगळं सांगितलं. तो भाकरीवरून नजर न उचलता म्हणाला, "जाऊ दे ना. काम त्याच्याच हातात हाये." त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी ओसरीत नवी गोष्ट सुरू झाली. एका गावाच्या वेशीवर नाका आहे आणि नाकेदार येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती घेतो. हे नाकेदाराचं पात्र सत्यभामाबाई रोज वेगळ्या बाईला देऊ लागल्या. पहिल्या दिवशी मिळालं शकुनबाईंना, सगळ्यांत वडील. नाकेदार होऊन त्या म्हणाल्या, "जीभ काढ. तोंडात तंबाखू लपवली असंन." बाया हसल्या. शकुनबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मंदाबाईच्या नाकेदारानं तान्ह्या लेकराचं दुपटं उलगडलं.

सत्यभामाबाई समजल्या. ह्या बाया मनातून काही रचत नव्हत्या. 'माझ्यासोबत असं झालं' हे ज्यांच्या तोंडून कधी निघालं नसतं, त्या नाकेदाराच्या तोंडून ते बोलत होत्या. दिवाळीपर्यंत हिशेब लागला. धनीरामनं अशी झडती घेतलेल्या, त्यांच्यासकट सात जणी.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली. कारखान्याचे सेठ दरवर्षी यायचे तसे आले, सोबत कडक इस्त्रीतला धनीराम. बायांनी चिंचेखाली भर दुपारी खेळ मांडला होता. गर्दी जमली होती.

"मुनशीजी," सत्यभामाबाईंनी हाक मारली, "एक गडी कमी पडून राहिला. बसा ना जी."

सेठ हसले. "बैठो भई, देखें तो."

धनीराम मांडी घालून बसला. "माहं पात्र काय?"

"तुमी बिडीवाली बाई. नाक्यावर आल्या." लोक खदखदून हसले.

"अन् नाकेदार कोन?"

"आमी सात जनी."

शकुनबाईंनी सुरुवात केली. "टोपी काढ."

"मी पळून जातो!" म्हणत त्यानं कवड्या टाकल्या. एकच उताणी पडली. शेजारी मंदाबाई होती. ती म्हणाली, "पळता पळता बाई पडली. लोकाइनं धरून आनली. काढ आता."

त्यानं टोपी काढली. मग मंदाबाईनं उपरण्याची घडी उलगडायला लावली. तिसरी म्हणाली खिसे उलटे कर, चौथी म्हणाली जीभ काढ. तो दरवेळी सेठकडे बघे, आणि सेठ बघत होते म्हणून करत जाई. पाचवीपर्यंत गर्दीतलं हसू थांबलं. बायांचे नवरे तिथंच उभे होते. एकानं विचारलं, "हे खरं झालतं काय वं?"

"खेळ होय बापा," शकुनबाई म्हणाल्या. "पन बोललं ते बोललं."

सहावी झाल्यावर धनीराम उठू लागला.

"माही पाळी बाकी हाये," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बस."

तो बसला.

"केस सोड."

त्यानं आपल्या बारीक केस कापलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "केस कुठं हायेत?"

"नाईत ना? असते त सोडा लागले असते. चाळीस मानसाइसमोर."

सेठ उठले आणि धनीरामला न घेताच चालू लागले.

महिन्याभरात त्याची बदली बपेऱ्याकडे झाली. पण बिड्या तिकडेही वळल्या जात, आणि आंधळगावच्या लेकी तिकडे नांदत होत्या. खेळ त्यांच्यासोबत आधीच पोचला होता. बिड्या देताना बाया शांतपणे विचारायच्या, "जीभ काढू काय, नाकेदार?" तीन वर्षांत त्यानं नोकरी सोडली.

चौऱ्याऐंशीत तो सत्यभामाबाईंच्या दारात आला. वाळला होता. मुलीचं जमलेलं लग्न मोडलं होतं, नवऱ्यामुलाच्या आईनं विचारलं होतं, "नाकेदाराची पोरगी होय काय?"

"बाई, चूक झाली," तो म्हणाला. "आता बंद करा ते गोष्ट."

सत्यभामाबाईंनी बिडीला धागा गुंडाळला, मग मान वर केली. "गोष्ट माही एकटीची नोहे. माहा वाटा मी थांबवतो. बाकीच्या सहा जनी हायेत. त्याइच्या दारात जा अन् माफी माग."

"साऱ्याइच्या?"

"साऱ्याइच्या. अन् त्याइचे मालक घरी असतीन तवा."

तो चार दारांत गेला. शकुनबाईंनी अर्धा दिवस उन्हात उभं ठेवलं आणि मग पाणी दिलं. पाचवं दार मंदाबाईचं. तिनं त्याला बघितलं आणि कडी लावून घेतली. तिथून तो परतला, सहाव्या दारात गेलाच नाही. मुलीचं लग्न पुढे दोन वर्षांनी दूर बालाघाटकडे झालं.

मी सत्यभामाबाईंच्या शेजारी राहायचो, शाळेत मास्तर होतो. एकदा विचारलं, "बाई, त्या पोरीचा काय दोष होता?"

"काहीच नाई," त्या म्हणाल्या. "पोरीसाठी मले वाईट वाटते. मी तिच्या सासरी सांगून पाठवलं, पोरगी चांगली हाये म्हनून."

"आणि धनीरामसाठी?"

त्यांनी सुपातलं पान उचललं, उजेडात धरून शिरा पाहिल्या.

"मंदानं दार लावलं, हे ज्या दिवशी आयकलं ना मास्तर, त्या दिवशी मी पोटभर जेवलो."