पाण्याच्या पुढे चालणारी डल्सी

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर काहीच नसतं. म्हणजे आकाश असतं, भरपूर. त्याखाली वाळूच्या दोन लांबट टेकड्या, त्यांच्या मधून गेलेला कोरडा पाट आणि पाटाच्या तळाशी वर्षभरात साचलेलं सगळं: वाऱ्याने लोळत आलेले काटेरी झुडपांचे गोळे, मेंढ्यांची लोकर, कुणाची तरी टोपी. डावीकडून कावळे ओरडतात. मग एक बाई येते. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, अंगात नवऱ्याचा कोट, हातात लांब दांड्याचं दाताळं. ती दाताळ्याने एक गोळा उचलते, बांधावर फेकते, चार पावलं चालते, दुसरा उचलते. आणि तिच्या मागे वीसेक पावलांवर, कुत्रं मालकिणीच्या मागे यावं तसं, पाणी येतं.

आधी बाई, मग पाणी. माझं अर्धं आयुष्य विंगेत उभं राहून इतरांचे प्रवेश बघण्यात गेलं, पण यापेक्षा चांगला प्रवेश मी पाहिला नाही.

ही डल्सी पेट्शेल. गाव बुलोक टँक. गाव म्हणायचं आपलं, भरभराटीत सोळा घरं होती, आता सात आहेत. मी इथे आले ती एका फिरत्या नाटक मंडळीबरोबर, दोन खेळांसाठी. मंडळी पुढे गेली. मी रेल्वेच्या सायडिंगवर गहू तोलणाऱ्या माणसाशी लग्न केलं आणि राहिले.

मॅली नावाच्या या कोरड्या मुलखात नदी नाही. दूर दक्षिणेच्या डोंगरातल्या धरणातून जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, एकदा पाटाला पाणी सुटायचं. आपापल्या पाळीला प्रत्येकाने पाटावरचं आपलं फळ्यांचं दार उघडून शेततळं भरून घ्यायचं आणि ते वर्षभर पुरवायचं. जमिनीला उतार इतका थोडा की डोळ्याला दिसत नाही, फक्त पाण्याला कळतो. त्यामुळे ते माणसाच्या चालीपेक्षाही हळू यायचं आणि वाटेत कचरा अडला की रुसल्यासारखं थांबायचं, बांध फोडायचं. म्हणून कुणीतरी त्याच्या पुढे चालावं लागे. सायडिंगपासून पाटाच्या शेवटापर्यंत नऊ मैल, दोन दिवस. हा मान शेवटच्या शेताचा, कारण पाणी पोचावं ही गरज सगळ्यात जास्त त्याचीच.

शेवटचं शेत पेट्शेलांचं. लग्नाच्या वर्षी, एक्कावन्न साली, डल्सीच्या नवऱ्याने, आल्फने, घोड्यांनी ओढायच्या खोऱ्याने तळं खणलं आणि ते खणताना पाय मोडून घेतला. त्या जुलैत पाण्याच्या पुढे डल्सी चालली. आल्फचा पाय बरा झाला, पण दाताळं काही त्याला परत मिळालं नाही. तो म्हणायचा, "लग्न मी केलं, बायको पाण्याला मिळाली."

दर दारावर तिच्यासाठी चहा आणि केक तयार असायचा. पाटाच्या प्रत्येक वळणाचं नाव तिला ठाऊक होतं आणि त्या नावामागची हकीकतही. हेर्मानचा कोपरा म्हणजे जिथे हेर्मानचा घोडा रुतला आणि त्याने घोड्याला जर्मनमध्ये शिव्या दिल्या, कारण इंग्रजी घोड्याला कळत नाही असं त्याचं मत होतं. पुढे प्रार्थनेचं वळण. तिथलं लाकडी चर्च एक दिवस ट्रकवर चढलं आणि शेजारच्या गावाला गेलं. मग शाळेची मोरी. शाळा एकाहत्तर साली बंद पडली, पण मोरीवर एकोणीस पोरांची नावं खिळ्याने कोरलेली अजून आहेत. त्यातली सोळा डल्सीने मला तोंडपाठ म्हणून दाखवली होती. उरलेल्या तिघांना ती नालायक म्हणायची.

मग दुष्काळाची वर्षं आली, एकामागोमाग एक. दोन हजार सातच्या हिवाळ्यात पाटकरी लायल गावच्या हॉलमध्ये सांगून गेला की यंदाची पाळी शेवटची. पुढच्या वर्षी जमिनीखालून पाइप येणार, पाट बुजवणार. आणि धरणात पाणी एवढं कमी, की शेवटच्या शेतापर्यंत पोचणं अवघड.

डल्सीला प्यायला पाइप पुरणार होता, ते तिलाही माहीत होतं. ती मला एवढंच म्हणाली, "आल्फचं तळं मला शेवटचं एकदा भरलेलं बघायचंय गं. मग बुजवू देत त्यांना काय बुजवायचं ते."

वय अठ्ठ्याहत्तर, आल्फ केव्हाच गेलेला. दोन्ही मुलगे शहरात, मुलगी पर्थला. तिघांनी फोन करून गाडीतून जा म्हणून सांगितलं. ती म्हणाली, गाडीतून कचरा कसा उचलायचा ते आधी करून दाखवा. त्या वर्षी मी तिच्याबरोबर चालले, थर्मास घेऊन. तेवढंच माझ्याच्याने होण्यासारखं होतं.

पहिलं दार क्लेमचं. तो दारावर पाय पसरून बसला होता.

"क्लेम, दार बंद आहे तुझं."

"आहे."

"पाळी तुझी आहे."

"मला नको. तळं भरलेलंय माझं."

"लबाडा, काल तुझी नातवंडं त्या तळ्यात पतंग उडवत होती!"

क्लेमने टोपी डोळ्यांवर ओढली आणि झोपेचं सोंग घेतलं. इतकं वाईट सोंग मी आमच्या मंडळीतही पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दारावर कुणी माणूसच नव्हतं, फक्त खांबावर केकचा डबा आणि दाराच्या फळ्यांना साखळी. डल्सीने डबा घेतला, साखळीकडे बघितलं आणि पुढचे गोळे जरा जास्तच लांब फेकले.

तिसरं शेत नव्या जोडप्याचं. नवरा मजुरीला लांब गेलेला. बायको, टॅश, कडेवर मूल घेऊन बंद दारापाशी उभी होती. लायलची गाडीही तिथेच होती.

"लायल," डल्सी म्हणाली, "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

लायल पन्नाशीचा माणूस, पण शाळेतल्या पोरासारखा बुटांकडे बघू लागला. "सगळ्यांच्याच, मिसेस पी. गुरुवारी हॉलमध्ये ठरलं, यंदा कुणी दार उघडायचं नाही, पाणी तुमच्या तळ्यापर्यंत जाऊ द्यायचं. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतात."

"म्हणजे मी डोळे दाखवायला गेले आणि तुम्ही मला आंधळं ठरवलं."

मग मी काय करत होते त्या गुरुवारी, असं तिने मला विचारलं नाही. मी हॉलमध्ये होते. हात मीही वर केला होता.

ती टॅशकडे वळली. "मेंढ्या किती?"

"तीनशे चाळीस. पण आम्ही टँकर बघतोय, डल्सी, तुम्ही नका काळजी..."

"तळ्यात किती दिवसांचं आहे?"

टॅश बाजूला सरली. मागे तळं दिसत होतं. तळाचा चिखल भेगाळून वर वळला होता.

"लायल, माझ्याकडे कोंबड्या किती?"

"चार."

"तीन. एक कोल्ह्याने नेली. काढ त्या फळ्या."

"मिसेस पी, या काढल्या तर पाणी तुमच्यापर्यंत येणार नाही. मी हिशोब केलाय. येणारच नाही."

डल्सी थांबली. पाणी आमच्या मागून आलं, तिच्या बुटांना लागलं, फळ्यांना लागलं आणि पुढे निघालं, तिच्या शेताच्या दिशेने. ती त्याच्याकडे बघत राहिली. कुणालाही वाटलं असतं की ती आता मान हलवेल आणि पुढे चालू लागेल. मला तरी वाटलं. खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

तिने दाताळं माझ्या हातात दिलं, वाकली आणि पहिली फळी स्वतः ओढून काढली.

टॅश रडायला लागली. डल्सी म्हणाली, "रडून तळं भरत नाही पोरी, नाहीतर मी केव्हाच भरलं असतं. खाली बस. या घराच्या मागच्या खोलीत माझा जन्म झालाय, माहीत आहे तुला? तिथे आता काय ठेवता?"

"कपडे धुवायचं मशीन," टॅश नाक पुसत म्हणाली.

"चांगलंय. तेव्हाही आवाज बराच व्हायचा म्हणे."

तिन्हीसांजेपर्यंत आम्ही बांधावर बसलो. तळं अर्ध्यावर आल्यावर लायलने फारच विनवलं, तेव्हा तिने फळ्या परत घालू दिल्या. रात्री आम्ही टॅशकडेच झोपलो, लायल पाण्यापाशी राहिला.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला बुलोक टँकची सगळी सात घरं शेवटच्या मोरीवर जमली होती. घडीच्या खुर्च्या, थर्मास, कुत्री. डल्सी वाळूतून वर आली, कचरा फेकत, न घाई करता. मागे पाणी होतं, पण आता ते वीतभर रुंद उरलं होतं, फेसाळ, तपकिरी. त्याच्या पुढे किडे आणि कोळी पळत होते, जीव घेऊन.

मोरी ओलांडली. कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली. पाण्याची जीभ पुढे सरली, वाळूने ओढून घेतली, परत सरली. समोर तळ्याच्या काठावरची आल्फने लावलेली मिरीसारख्या दाण्यांची झाडं दिसत होती. पाणी थोडं पसरलं. मग त्याचा फेस विझत गेला आणि ते तिथेच थांबलं.

लायल पावलं मोजत तळ्याच्या काठापर्यंत गेला आणि वळला. "चाळीस," तो म्हणाला.

टॅश पुढे आली. "आमच्यामुळे, डल्सी. आमच्यामुळेच अडलं."

डल्सीने दाताळं ओल्या वाळूत रोवलं, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि पाण्याकडे पाहिलं. कोरड्या तळ्याकडे पाहिलं. मग कोटाच्या बाहीने तोंड पुसलं.

"ब्याऐंशी साली अर्ध्या मैलावर बसलं होतं. चाळीस पावलं म्हणजे चांगलंच आलं की," ती म्हणाली. "दमलंय ते, राहू दे त्याला. तुम्हाला तर पाय आहेत ना? चला सगळे. कालचा केकचा डबा मी सकाळीच लायलच्या गाडीतून तिकडे तळ्यावर पाठवलाय, आणि मुंग्या काही आपल्यासाठी थांबणार नाहीत."