परत काढलेली ओटी

ये गं बाई, जवळ ये. कागदावर का होईना, पण शेजारी बसली आहेस असं समज, म्हणजे मला तुझा कान धरता येईल. मोबाइलवरचा तो व्हिडिओ बघून तू मला लिहितेस, ‘मावशी, काशीला कधी गेलीस? बोलली पण नाहीस!’ काशी? अगं, तुझी आई नि मी ज्या घाटावर पोहायला शिकलो तो घाट तुला ओळखू येऊ नये? वाई आहे ती. आणि पाण्याशी वाकलेली ती बाई म्हणजे माझ्या वन्सं. आता सगळं ऐक, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. जन्मल्या सांगलीत, कृष्णेच्या काठी, आणि दिल्या दुष्काळी माण तालुक्यात. तिथं सगळा संसार टँकरची वाट बघण्यात गेला. आमच्या सांगलीच्या घरात कृष्णेच्या पुराचं पाणी शिरलं तेव्हा मी फोनवर रडत होते, तर म्हणतात कशा, “वैनी, तुमी तिला घराभायेर काढताय, आमी तिला बोलावून दमलो. द्या की धाडून हिकडं!” हसले मी रडता रडता. पण त्यांनी तेव्हाच मनात धरलं होतं, कृष्णेचं पाणी आमच्या शिवारात आलं तर वाईला जाऊन तिची ओटी भरीन. वाईलाच का, तर तिथं घाटाघाटावर कृष्णाबाईचा उत्सव होतो, तिला माहेरवाशिणीसारखं नटवतात, हे मीच त्यांना शंभरदा ऐकवलेलं.

आणि आलं गं पाणी! कुठून कुठून उचलून, डोंगर चढवून आणलं, पण आलं. वन्संनी पहिलं पीक निघेपर्यंत दम धरला. मग सातारच्या स्टँडवर आम्ही दोघी भेटलो, त्या दहिवडीच्या गाडीनं, मी सांगलीच्या. त्यांच्या पिशवीत हिरवा खण, नारळ, बांगड्या आणि त्या पाण्यावर पिकलेले गहू. दुकानचे चालणार नव्हते. “तिचंच तिला दावायचं,” म्हणाल्या. हळकुंडं तेवढी मी सांगलीची घेतली होती.

वाईला घाटावर पोचतो तर काय, दोरी बांधलेली! पलीकडं पिवळी निशाणं, थर्माकोलचा कळस, प्लॅस्टिकचे झेंडू, हिंदीत ‘वाराणसी’ अशी भली मोठी पाटी, आणि खाली बसलेले चार साधू वडापाव खातायत. एक टोपीवाला पुढं आला. “आजी, दहा मिनिटं थांबा. शूटिंग चालू आहे.”

दहा मिनिटांचा दीड तास झाला. दगड तापलेले, वन्संचे गुडघे सुजलेले. शेवटी मी म्हटलं, “आमच्याच घाटावर आम्हाला दोरी?”

“परवानगी आहे आमच्याकडं. पलीकडच्या घाटावर जा ना. पाणी एकच आहे.”

पाणी एकच! तिकडच्या पायऱ्या कशा उभ्या आहेत ते ह्याला काय माहीत? “आधी तुमच्या आईला तिथनं उतरवून दाखवा,” म्हटलं, “मग आम्ही जातो.”

तेवढ्यात त्यांचा मोठा साहेब आला. वन्संच्या कपाळावरचं गोंदण बघितलं आणि जत्रेत बैल पसंत करावा तसा खूश झाला. “यही चेहरा चाहिए! चला आजी, तुम्हीच उतरा. ओटी सोडा, आणि ‘गंगा मैया’ म्हणा फक्त.”

मी नाही म्हणाले. वन्सं मात्र उठल्या.

“वैनी, खाली सोडत्यात न्हवं? मग जाऊ द्या.”

“वन्सं, त्यांच्या नाटकात?”

“त्यांचं नाटक त्यांच्यापाशी. म्या कुठनं आल्ये ते तिला ठावं हाय.”

एकेका पायरीवर टेकत उतरल्या. ओटी सोडली, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “कृष्णाबाई, आलीस गं बया आमच्यात. आता माघारी जाऊ नगंस.”

“कट! कट!” वरनं ओरडा. गंगा म्हटलं नाही ना! परत घ्यायचं. परत घ्यायचं तर ओटी हवी. म्हणून एक बाप्या गुडघाभर पाण्यात शिरला, वाहत चाललेली ओटी त्यानं ओढून काढली, खण पिळला, नारळ विजारीला पुसला आणि वन्संच्या हातावर ठेवला. “घ्या आजी. वन मोअर.”

अगं, बाईच्या पदरात घातलेली ओटी कुणी काढून घेतं का? मी दोरी ओलांडून खाली गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. तर तो टोपीवाला म्हणतो, “एवढं काय, नवीन नारळ आणून देतो.” त्याला वाटलं भांडण नारळाचं आहे! आणि आमच्या आळीतली माणसं, ज्यांच्या अंगणात मी खेळले, ती कठड्यावर बसून मोबाइल धरून होती. एकाच्या तोंडून निघालं नाही की बाबांनो, खरी ओटी आहे ती. तुझ्याकडं आलेला व्हिडिओ त्यांच्यातल्याच कुणाचा तरी.

वन्संनी तो ओला खण उलगडून बघितला. गहू वाहून गेले होते. हळूच म्हणाल्या, “वैनी, माघारी दिली का वं तिनं?”

“तिनं नाही हो, ह्या मेल्यांनी.”

पण ते त्यांच्या मनातून जाईना. परत सोडलीही नाही. माणसांनी हाताळलेली ओटी देवीला कशी द्यायची? तो खण तसाच घेऊन गावी गेल्या. आणि नेमकं मागच्या आठवड्यात कालव्याचं पाणी थांबलं. पाणी पाळीपाळीनं सोडतात, पुढच्या पाळीला येईल, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. वन्संनाही आहे. तरी रोज फोन करतात. “तिनं मनाला लावून घेतलं असंल, वैनी. पाळी सुटायच्या आत ओटी जायाला पायजे. गहू निवडून ठेवल्यात म्या.”

मी काय सांगू त्यांना? जेवत नाहीत नीट. माझा राग घेऊन तरी मी काय करू, तोंड सोडलं तर माझ्याकडं आहे काय? पायऱ्यांवर त्यांना एका बाजूनं मी धरीन, दुसऱ्या बाजूला माणूस लागतं. एसटीचे धक्के आता त्यांच्या गुडघ्यांना सोसायचे नाहीत. म्हणून म्हणते, तुझी गाडी घेऊन ये. आधी सांगलीला मला घे, मग माणला जाऊन रात्री त्यांच्याकडं राहू, पहाटे त्यांना उचलू आणि सकाळी सकाळी, घाटावर कुणी नसताना वाईला पोचू. सुट्टी मिळत नाही वगैरे मला सांगू नकोस. ह्याच रविवारी ये गं बाई, वाट बघते.