तोंडाशी आल्यावर

चौथा चमचा पोटात न जाता छातीत गेला. माझी लेक खोकली, ओठ निळे पडले आणि निवट्यांचं कालवण नाकातून बाहेर आलं.

तिच्या घशात गाठ होती. तोंडाने काही द्यायचं नाही, नाकातल्या नळीतूनच द्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला ते नीट कळलं होतं. तरी दिलं. निवटे म्हणजे खाडीच्या चिखलातले मासे. बाळंतीण असो की आजारी, या कालवणाने माणूस उठतो, असं आम्ही कोळी मानतो.

ती कृष्णविवरांवर पीएचडी करत होती. वायू त्यांच्यापर्यंत पोचतो कसा, हा तिचा विषय. मी चौथी शिकले, जन्मभर अंधेरीच्या बाजारात मासे विकले. त्या सकाळी निवटे साफ करताना तिला विचारलं, "एवढं ओढतंय, तर सगळं सरळ आत का पडत नाही गं?"

आवाज बसला होता, तरी बोलली. "वायू भोवती फिरत असतो ना, आये. फिरणं कमी झालं तरच आत सरकतो. कधी दुसरी आकाशगंगा येऊन धडकते, कधी वायूच वायूवर घासतो. लाखो वर्षं लागतात."

"आणि तोंडाशी आल्यावर?"

"तापतो. बराचसा परत बाहेर फेकला जातो."

"म्हणजे मेलं उपाशीच."

"बहुतेक उपाशीच. आपल्या आकाशगंगेतलं तर माझ्यासारखं. जा, त्याला निवटे खाऊ घाल."

आणि ती हसली. कित्येक दिवसांत हसली नव्हती. मला वाटलं, पोरीला भूक लागली. कालवण गाळून पातळ केलं, निववलं. वास आला तसं तिने स्वतःच तोंड उघडलं. पण चमचा माझ्या हातात होता. तिला कळत नव्हतं असं नाही, मला कळत नव्हतं असंही नाही.

रात्रीपासून ताप. फुप्फुसं भरली. पाचव्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणाले, नाहीतरी एक-दोन महिनेच होते. असतील. ते तिचे होते. तेवढ्यात तिचं शेवटचं प्रकरण लिहून झालं असतं. ते अर्धंच आहे, आणि मला त्यातली एक ओळ वाचता येत नाही.

घरात आम्ही दोघीच होतो. जगले ती मी.