श्वास कापलेलं गाणं

माझा धाकटा दीर घरच्या कॉम्प्युटरवर रॅप गाण्यांचे आवाज साफसूफ करून देतो. रेकॉर्डिंग मात्र माझ्या कपाटात, कारण कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. त्याचा मित्र माझ्या स्वेटरांत डोकं खुपसून ‘मी कुणाच्या बापाला भीत नाही’ असं ओरडतो आणि माइकला चालत नाही म्हणून मी पंखा बंद करून घामाघूम बसते.

या वेळी दिराला मित्राचे श्वास खुपायला लागले. तीन दिवस तहानभूक विसरून त्याने स्क्रीनवर एकेक श्वास शोधून कापला. गाणं ऐकून मित्र हरखलाच.

"वहिनी, एका दमात गायलोय मी!"

त्याला ते खरं वाटलं, तिथेच घात झाला. शनिवारी स्टेजवरही तो तसाच, श्वास न घेता सुटला. चौथ्या ओळीला चेहरा लालबुंद आणि सहाव्या ओळीला गडी मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी तो तावातावाने घरी आला. "माझे श्वास का कापलेस?"

दिराने गाणं पुन्हा लावलं, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि शांतपणे म्हणाला, "यात तर काहीच चूक नाही. तूच कुठेतरी कमी पडतोयस."