शंभर पावलांवरचा धूर

दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार. ठरलेली रक्कम दोन रात्रींचे सोळाशे रुपये, त्यातले आठशे जागा राखणाऱ्याच्या हातावर आधीच ठेवलेले. हजर माणसं चार: मी, माझी बायको, तिची थोरली बहीण आणि त्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे थोरले साडू. त्यांना सगळे आबा म्हणतात आणि मेहुणीला अक्का. आबांची धुळ्याकडे अकरा एकर कपाशी आहे. मी जळगावात एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशोब पाहतो, राहायला मेहरूणला. हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात कोण होतं आणि कोण कुठे उभं होतं याला महत्त्व आहे.

सातपुड्यात तंबूत राहायची कल्पना माझी. मुलगी पुण्याला नोकरीला गेली तेव्हा तिचे दोन तंबू माळ्यावर टाकून गेली होती. वर्षभर नुसते पडलेले पाहून मला चैन पडेना. पाऊस संपलेला, थंडी अजून बोचरी नाही, ओढ्यांना पाणी असतं. यापेक्षा चांगले दिवस नाहीत, असं मीच सगळ्यांना पटवलं.

अक्का तयार नव्हत्या. त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी शेतात आबांना एकच गांधीलमाशी चावली आणि पाऊण तासात त्यांचा घसा बंद व्हायला आला. धुळ्याच्या डॉक्टरांनी वाचवलं, पण बजावून सांगितलं की माशी कुठलीही असो, पुढच्या वेळी इतका वेळ मिळणार नाही. एक इंजेक्शन कायम जवळ ठेवायला दिलं. ते मांडीत कसं द्यायचं हे अक्कांना मोसंबीवर टोचून शिकवलं. आबा त्या मोसंबीवरून अजून थट्टा करायचे. मी अक्कांना शब्द दिला की त्या इंजेक्शनची पिशवी माझ्या यादीत पहिल्या नंबरवर राहील. राहिलीही. यादीत सदतीस वस्तू होत्या. निघताना पिशवी उघडून इंजेक्शन, सुई, कापूस, सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि मगच खूण केली.

आबांची यादी एका ओळीची होती: भरीत. बावीस हिरवी वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचं पीठ, कुटायला लाकडी बडगी आणि गाडीच्या टपावर दोरीने आवळलेला पऱ्हाट्यांचा भारा. कपाशीच्या वाळक्या झाडांच्या जाळावर भाजलेलं नसेल तर ते भरीत नाही, अशी त्यांची ठाम समजूत. जंगलात जाताना लाकूड घेऊन चाललेला पहिला माणूस, असं बायको म्हणाली. रावेरच्या पुढे केळीच्या ट्रकांमागून हळूहळू जाताना तो भारा टपावर खरवडत राहिला.

गाडी जिथे थांबली तिथून ओढा दोन फर्लांग. पुढे एक उभा काळा कडा. गवत कमरेएवढं आणि नुकतंच पिवळं पडू लागलेलं. ओढ्यात पाणी इतकं स्वच्छ की तळातले गोटे मोजता यावेत. मला ती जागा पाहताक्षणी आवडली. फक्त एक गोष्ट खटकली. कड्याच्या वरच्या अंगाला, कपारीखाली, मोठाल्या काळ्या पखाली लटकाव्यात तसं काहीतरी लटकत होतं. मी मोजली. सात.

जागा राखणारा पावरा आदिवासी आमच्याच वयाचा होता. खांद्यावर घोंगडी, बोलणं मोजकं. आम्ही त्याला दादा म्हणू लागलो. ती आग्या मोहळं आहेत, पावसाळा संपला की येतात, उन्हाळ्याच्या तोंडाशी पाड्यावरची माणसं त्यांचा मध उतरवतात, असं त्याने सांगितलं. बोलता बोलता एका मोहळावर वरून खाली एक लाट सरकली, वाऱ्याने पाण्यावर सरकावी तशी. मी ते काय म्हणून विचारलं. हजारो माश्या एकदम अंग उचलतात, तो म्हणाला. लाट उठली की समजायचं त्यांनी काहीतरी पाहिलं. मग त्याने नियम सांगितला: चूल कड्यापासून शंभर पावलं लांब. अक्कांनी आबांचं दुखणं त्याच्या कानावर घातलं, पिशवीतली सुई दाखवली, तेव्हा त्याने आबांकडे नीट निरखून पाहिलं आणि नियम पुन्हा सांगितला.

अक्कांनी जागाच बदलू म्हटलं. मी तंबू कड्यापासून किती लांब आहेत ते चालत मोजलं. दोनशे चाळीस पावलं. आकडा ऐकून त्या गप्प झाल्या. आकड्याने माणसं गप्प होतात हे मला नोकरीमुळे ठाऊक आहे.

ती संध्याकाळ चांगली गेली, हे नाकारता येणार नाही. ओढ्यात पाय सोडून बसलो. सागाच्या पानांवर ऊन तांबूस झालं, मोर ओरडले, आबांनी एरंडोलच्या त्यांच्या मामांचे किस्से सांगितले. पण अंधार पडेपर्यंत माझी नजर फिरून फिरून त्या सात पखालींकडे जात होती. त्यांचा आवाज येत नव्हता. एवढा जीव एका जागी आणि आवाज नाही, हे मला बरं वाटेना.

रविवारी सकाळी दादा दूध आणायला पाड्यावर गेला. जाऊन येऊन दीड तास. बायको आणि अक्का ओढ्यावर भांडी घासत होत्या. आबांनी तंबूजवळ जाळ केला, पण ओढ्यावरून वारा सुटला होता आणि ज्वाळा जमिनीलगत आडव्या पळत होत्या. दोन वांगी वाया गेल्यावर ते वैतागले.

"इठे वारा लागस. वांगं एकांगे जळस, एकांगे कच्चं ऱ्हास."

त्यांनी बोट दाखवलं ती जागा कड्याच्या बाजूला होती. डोंगराची एक घळ तिथे खाली उतरत होती, दोन्हीकडून खडक, आत वाऱ्याचा मागमूस नाही. मी म्हटलं, दादाचा नियम आहे.

"मोज मंग," आबा म्हणाले. "तुन्हं मोजेल कोर्टमा बी चाली."

मी मोजलं. मोहळांच्या बरोबर खाली कड्याच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि तिथून घळीच्या तोंडापर्यंत एकसारखी पावलं टाकत आलो. एकशे दहा. नियमापेक्षा दहा जास्त. मीच म्हटलं, चालेल. आबांनी पऱ्हाट्या तिकडे नेल्या.

पुढचं सारं त्या एका शब्दावरून झालं.

जाळ सुरेख लागला. वांग्यांची साल तडकू लागली, तो वास आला. आबा उकिडवे बसून एकेक वांगं देठाला धरून फिरवत होते. मी दगडावर वही घेऊन बसलो होतो.

"वही मांडी बठना का? आते भरीतनी बी पावती फाडशी?"

मी हसलो आणि सहज वर पाहिलं. घळ वर जाताना अरुंद होत गेली होती, नळकांड्यासारखी, आणि डावीकडे वळून थेट कपारीखाली निघत होती. धूर त्या नळकांड्यातून चढत होता. इकडे तिकडे पांगत नव्हता. पहिल्या मोहळावर लाट सरकली. घड्याळात अकरा चौदा. मी दुसरी लाट येईपर्यंत मोजलं: चाळीस. मग तिसरी, पंचवीसला. मग बारा. मग सातही मोहळांवर लाटा एकीतून एक निघू लागल्या आणि मोजता येईनात. त्या वेळेपर्यंत मी उठून पाणी ओतायला हवं होतं. बादली माझ्यापासून चार हातांवर होती. मी मोजत राहिलो. बहुधा एकशे दहा हा आकडा बरोबर होता म्हणून.

मग आवाज आला. दूरवर ट्रक चढणीला लागावा तसा, पण तो वरून येत होता.

पहिली माशी माझ्या कानामागे बसली. आणि मी पळालो. आबांना हाक मारून पळालो, की पळाल्यावर हाक मारली, हे मला नक्की सांगता येणार नाही. गवतात पन्नासेक पावलांवर पालथा पडलो आणि मागे पाहिलं, तर आबा दोन्ही हातांनी डोकं झोडपत जाळाभोवतीच गोल फिरत होते. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचा रंग दिसत नव्हता.

पाड्याच्या वाटेने दादा येत होता. धूर कुठून निघतोय हे त्याने लांबूनच पाहिलं असणार, कारण तो आधीपासून धावत होता. दुधाचा डबा त्याने टाकून दिला. खांद्यावरची घोंगडी पसरून तो आबांवर पडला, त्यांना खाली दाबलं आणि स्वतः वर पालथा झाला. घोंगडीत मावला एकच माणूस.

"सुई," तो ओरडला. "बाईला म्हणा, सुई."

मी ओढ्याकडे ओरडलो. पण अक्का आधीच निघाल्या होत्या. त्या धावत नव्हत्या. पदर तोंडावरून घट्ट ओढून घेतलेला, हातात तंबूतून उचललेली पिशवी, सरळ, सावकाश चालत होत्या, जणू शेजारच्या घरी विरजण द्यायला निघाल्यात. हातावर, पदरावर माश्या बसत होत्या. त्यांनी हात झटकला नाही. दादाशेजारी गुडघे टेकले, घोंगडीची कड उचलली आणि आत शिरल्या. मला फक्त त्यांचे तळपाय दिसत होते.

अकरा एकतीस. ही वेळ मी वहीत लिहिलेली नाही, पण चुकायची नाही.

बायकोने ओढ्यातून भिजवलेली चादर आणली आणि आम्ही दोघं तिच्याखाली पुढे सरकलो. माश्या विरळ व्हायला आणखी दहा मिनिटं गेली. आबांचे ओठ निळसर झाले होते, डोळे मिटून गेले होते. श्वासाला शिटीसारखा आवाज होता. अक्का एवढंच म्हणाल्या, "सुई दिली आहे. आता गाडी."

आम्ही चौघांनी त्यांना चादरीत घालून नेलं. दादा पुढच्या कोपऱ्याला होता. त्याचा एक डोळा तोवर पूर्ण बंद झालेला. रावेरच्या सरकारी दवाखान्यापर्यंत पंचावन्न मिनिटं. वाटेत केळीचा एक ट्रॅक्टर रस्ता अडवून उभा होता. तो बाजूला होईपर्यंत अक्का मागच्या सीटवर आबांच्या छातीवर हात ठेवून होत्या. मला ती शिटी ऐकू येत होती, आणि ती थांबेल या भीतीने मी आरसा आबांवर वळवला नाही.

थांबली नाही. डॉक्टर म्हणाले, घोंगडी पडायला आणि सुई द्यायला आणखी थोडा उशीर झाला असता तर आणून उपयोग नव्हता. आबांच्या अंगातून चौदा काटे निघाले. माझ्या नऊ. अक्कांच्या सोळा. दादाच्या अंगातून नर्सने त्रेचाळीस काढले आणि त्यानंतर मोजायचं सोडलं.

तीन दिवसांनी आबा घरी आले. वाचले, असं सगळे म्हणतात. यंदा त्यांनी शेत अर्धेलीने दुसऱ्याला कसायला दिलं. कपाशी फुलावर आली की ते दारं लावून घरात बसतात. मी गेलो होतो तेव्हा फ्रिजची मोटर सुरू झाली आणि ते खुर्चीवरून अर्धे उठले. मग आवाज ओळखून बसले. माझ्या वहीवरून थट्टा त्यांनी त्यानंतर केलेली नाही. अक्कांनी मला कधी दोष दिला नाही. मी आकडा सांगितला की मात्र त्या आता गप्प होत नाहीत, विचारतात, कुठून कुठपर्यंत.

त्या रविवारनंतर पंधरा दिवसांनी मी एकटा पाड्यावर गेलो होतो. कड्याकडे पाहिलं. सातपैकी दोन मोहळं उरली होती, बाकीच्या जागी खडकावर फिकट डाग. त्या सालचा पाचांचा मध बुडाला. मी दादाला म्हटलं की पावलं मी नीट मोजली होती, एकशे दहा भरली. हे सांगायची गरज नव्हती. तरी सांगितलं.

त्याने मान वर करून कड्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पावलं तुम्ही खाली मोजली, भाऊ. धूर वर गेला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी पाकिटात दहा हजार घालून नेले होते. ते त्याने उघडलं नाही. मधाचे म्हणून दिले तरी घेईना. मोहळं माझी नाहीत, म्हणाला, ज्यांची आहेत त्या माश्या येतील पुढच्या साली, नाहीतर नाही येणार. मग मीच हिशोब मांडला, कारण मला दुसरं काही येत नाही. केळी कापायची रोजंदारी चारशे, तो आठ दिवस पडून होता, बत्तीसशे. हे त्याने घेतले. मुक्कामाचे राहिलेले आठशे पुढे केले, तर म्हणाला, रात्र एकच राहिलात, एका रात्रीचे आधीच दिलेत. घोंगडीचे घेतले नाहीत. ती त्याच्या अंगावरच होती.

निघताना त्याने मला पाड्याच्या टोकाच्या झोपडीकडे वळवलं. त्या सकाळी सांडलेलं दूध एका म्हातारीचं होतं, दीड लिटर, आणि त्याचे पैसे कुणीच दिले नव्हते. म्हातारी दारात मका सोलत बसली होती. मी तिच्या हातावर नव्वद रुपये ठेवले. तिने ते मोजले, पदराला बांधले आणि वाकून पुढचं कणीस उचललं.