रॉकेलच्या डब्यातलं पाणी

काही गुन्हे उलगडतात, पण सुटत नाहीत. त्यांतला एक अजून माझ्या मागे आहे. तो आठवला की आधी नाकात वास येतो, मग माणसं दिसतात.

सत्तरच्या दशकाची अखेर असावी. खोपोलीजवळच्या एका ठाण्यात मी नवा फौजदार होतो. हद्दीतल्या एका गावाबाहेर उतारावर बौद्ध वस्ती होती. धर्मांतरानंतर गावच्या विहिरीवर पाणी भरण्यावरून तंटे झाले, तेव्हा वस्तीने स्वतःची विहीर खणली होती. फिर्याद घेऊन आलेल्या बाई त्या वेळी नव्या नवरी होत्या आणि दगड त्यांनीही वाहिले होते. आता त्या चाळिशीला आल्या होत्या. त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या टेबलावर ठेवला.

"वास घ्या साहेब. आमची विहीर कोनीतरी नासवली. ही बंद पडली तर गावच्या विहिरीवर हात पसरावा लागंल. ते आमी करनार नाय."

वास गोडसर होता आणि थेट डोक्यात जात होता. वस्तीत पोरं ओकत होती. पाणी दूषित केल्याचा आणि विषप्रयोगाचा गुन्हा मी नोंदवला. पंचांसमक्ष बाटल्या भरून लाखेने सील केल्या आणि मुंबईला तपासणीसाठी पाठवल्या. अहवाल लवकर येणार नव्हता, हे ठाण्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्याआधी खबर आली. वस्तीला लागून शेत असलेला गावातला एक शेतकरी पहाटे डबा घेऊन विहिरीकडे जाताना दिसला होता. बांधावरून त्याचं वस्तीशी भांडण झालेलं होतं. झडतीत घरी रॉकेलचा डबा मिळाला. मी त्याला अटक करून पोलीस कोठडी घेतली आणि वस्तीला विहीर उपसून टाकायला सांगितलं. तपास संपला, असं माझं मत झालं. आमचे जुने हवालदार मात्र तंबाखू मळत म्हणाले की केस फार सरळ आहे, आणि सरळ केस त्यांना पचत नाही.

त्यांचंच खरं झालं. उपसल्यावर दोन दिवस पाणी बरं आलं, मग वास वाढला. मी पुन्हा उपसायला लावलं. तो आणखी वाढला. आरोपी माझ्या कोठडीत आणि विहीर बिघडतच चाललेली. शिवाय रॉकेल पाण्यावर तरंगतं. इथे वर तवंग नव्हता, आणि पोहरा जितका खोल सोडावा तितका वास जास्त. मला काही कळेनासं झालं. काही न कळणारा अधिकारी जे करतो तेच मी केलं, आरोपीवर आवाज चढवला. एकदा हातही उचलला.

पहाटे तिथे का जातोस, या एका प्रश्नावर तो मान खाली घालायचा. शेवटी त्याने हवालदारांना बाहेर पाठवायला सांगितलं.

"मी टाकाया नाय जात साहेब, पानी न्याया जातो. चैतात आमच्या आळीची विहीर आटती, त्यांची आटत नाय. घरात आमी तेच पानी पितो."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"आळीत कळलं तर माज्या पोरीची सोयरीक कोन करंल? मला ठेवा आत. पन ह्ये कुनाला सांगू नका."

हवालदार साध्या कपड्यांत त्याच्या घरी जाऊन आले. त्याची बायकोही चार दिवस ओकत होती. म्हणजे तो खरं बोलत होता, आणि माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात धाकट्या भावाचं लग्न होतं. शिपाई माझा लोकरी कोट लाँड्रीतून घेऊन आला आणि ठाण्याच्या खुंटीला अडकवला. थोड्या वेळाने खोलीत तोच वास पसरला. मी कोट नाकाला लावून उभा, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत.

कारखान्यांतल्या साहेबांचे सूट ड्रायक्लीन करणारं ते दुकान वस्तीच्या वरच्या अंगाला होतं. मालकाने न घाबरता मागचा शोषखड्डा दाखवला. कपडे धुऊन मळलेलं औषध तो त्यात ओतायचा.

"गटारात सोडलं असतं तर नदीला गेलं असतं, साहेब. तिथे गुरं पाणी पितात. म्हणून जमिनीत जिरवतो," तो म्हणाला. त्याने आपल्या परीने भलंच केलं होतं.

पुढे प्रयोगशाळेच्या माणसाने समजावलं. ते औषध पाण्याहून जड असतं, जमिनीत खाली खाली जातं. विहीर रिकामी केली की ती आजूबाजूचं ओढून घेते. म्हणजे विहीर उपसायचा हुकूम देऊन मीच ते लवकर ओढून आणलं होतं. आता ते साऱ्या वस्तीच्या घरांखाली पसरलं होतं आणि बाहेर काढायचा उपाय कोणाकडेच नव्हता. विहीर बंद करावी लागली.

आरोपीला का सोडलं, हे फिर्यादी बाईंना सांगणं भाग होतं. ते मी त्यांना एकट्यांना सांगू शकलो असतो. मी ठाण्यात, पोलीस पाटलांसमोर सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

लाँड्रीवाल्याचा हेतू दिसत नव्हता. प्रकरण गैरसमजातून दाखल झालं, असं लिहून मी ‘क’ समरी, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, कोर्टात पाठवली आणि ती मंजूर झाली. बाईंना तसं कळवलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, "गैरसमज व्हता, तर मग विहीर का बंद केली?"

कळवल्याच्या कागदावर मी त्यांचा अंगठा घेतला.

वस्ती गावच्या विहिरीवर गेली नाही. वीजघरातून सुटणाऱ्या पाण्यावर बाया लांब चालत जाऊ लागल्या. एका सकाळी आमची जीप तिथून जात होती. बायांच्या मागे, बराच दूर, तो शेतकरी तोच डबा घेऊन उभा होता. बाईंनी मागे वळून पाहिलं आणि आपला हंडा बाजूला सरकवला.

"लांब का उभा रं? आता उजेडात भर."

तो पुढे आला आणि त्याने डबा भरला.

माणूस जे लपवतो त्यात गुन्हा असतो, असं आम्हाला शिकवलेलं असतं. त्याने फक्त तहान लपवली होती. मुदतीआधी निवृत्ती घेऊन मी आता घरी बसलो आहे. त्याच्या मुलीची सोयरीक पुढे झाली का, हे विचारायला त्या गावात जायचं धाडस मला अजून झालेलं नाही.