डोळे गेल्याची बातमी

पारोळ्याच्या पुढे एका गावात शाळेची भिंत रंगवत होतो. पिवळ्या भिंतीवर निळ्या रंगात शाळेचं नाव, हातभर उंचीची अक्षरं. मधली सुट्टी झाली तशा चौथी-पाचवीच्या मुली भिंतीसमोर गोळा झाल्या आणि एका सुरात वाचायला लागल्या, "प्राथमिक विद्याय." मग हसल्या. मला वाटलं, त्या माझ्या दाढीवर लागलेल्या रंगाला हसताहेत. मोठ्या बाई बाहेर आल्या, चष्मा वर करून त्यांनी भिंत पाहिली आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, ल कुठे गेला?"

मी शिडीवरून उतरलो, दहा पावलं मागे गेलो आणि पाहिलं. खरंच ल नव्हता. द्याचा काना झाल्यावर सरळ य आला होता. तीस वर्षांत मी दुकानाच्या पाट्या लिहिल्या, ट्रकांच्या मागच्या फळ्या लिहिल्या, देवळांच्या कमानी लिहिल्या. रंग ओघळला असेल, ओळ एखाद्या बोटाने वाकडी गेली असेल, पण अक्षर कधी खाल्लं नव्हतं.

ल कुठे गेला ते मला ठाऊक होतं. द्याचा काना ओढला त्याच वेळी खिशातला फोन थरथरला होता. डाव्या हाताने काढून पाहिला, तर कुणीतरी कुठल्या तरी परदेशातल्या माणसाचा कलिंगडं भराभर कापतानाचा व्हिडिओ पाठवला होता. तो पाहिला. त्याच्यानंतर आपोआप दुसरा लागला, तोही पाहिला. उजव्या हातातल्या ब्रशवरचा रंग सुकायला लागला तेव्हा फोन खिशात टाकला आणि पुढचं अक्षर लिहिलं.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "आता जेवलात ना? भाजी कोणती होती ते सांगा बरं." मला सांगता आलं नाही. ताट अजून समोर होतं. जेवताना मी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता.

त्यानंतर मी खूप प्रकार केले. फोन मोटारसायकलच्या डिकीत ठेवून पाहिला. रंगाच्या रिकाम्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं. पण शिडीवरून उतरायला मला कोणतंही कारण पुरायचं. टर्पेंटाइन हवं, खडू हवा, तहान लागली. उतरलो की हात डब्याकडे जायचा. कामाचे फोन त्याच्यावरच यायचे, म्हणून तो बंद करून टाकायचीही सोय नव्हती.

माझा एक गुरुभाऊ आहे. अमळनेरला आम्ही दोघं एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. एकाच खोलीत राहिलो, एकाच डब्यातून भाकरी खाल्ली. लग्नं झाल्यावर मी धुळ्याला आलो आणि त्याने जळगावात दुकान टाकलं. पुढे त्याने फ्लेक्सचं मशीन घेतलं, तरी मोठी भिंत असली की आम्ही दोघं मिळूनच लिहायचो. वरची ओळ माझी, खालची त्याची. शाळेची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "फोन माझ्याजवळ दे. तीन महिने. कामाचा निरोप आला की मी वहीत लिहीन आणि संध्याकाळी तुले सांगेन. तू फक्त अक्षर लिही."

मला भरून आलं होतं, हे कबूल करतो. दुसऱ्याच दिवशी जळगावला जाऊन फोन त्याच्या हातात दिला, उघडायचा आकडा सांगितला. बटनाचा एक साधा फोन घेतला. त्याचा नंबर फक्त घरी आणि त्याला माहीत.

पहिले आठ-दहा दिवस हात आपसूक खिशाकडे जायचा. रिकाम्या खिशावर हात आपटला की उगाचच चिडचिड व्हायची. शिडीवर उभं राहून वाटायचं, आत्ता जगात काहीतरी चाललंय आणि ते फक्त मलाच कळत नाहीये. तिसऱ्या आठवड्यात धुळ्याजवळच्याच एका गावातल्या मारुतीच्या देवळात स्तोत्राच्या ओळी लिहायचं काम होतं. सकाळी चढलो. एक ओळ झाली, दुसरी झाली. पुजारी खालून म्हणाला, "भाऊ, चहा दोनदा गार झाला." तेव्हा कळलं की दुपार उलटून गेली होती. उस्ताद असताना असं व्हायचं. मधे कितीतरी वर्षं झालं नव्हतं. त्या संध्याकाळी मी गुरुभावाला फोन करून सांगितलं, "तुझे उपकार आहेत रे." तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "अरे, भाऊ शे ना तू मना."

कामं मात्र कमी होत गेली. संध्याकाळी विचारलं की तो म्हणायचा, "सध्या थंड शे. बठ्ठे फ्लेक्सच मागतात." मला पटायचं. सगळे फ्लेक्सच मागत होते, हे तर दिसतच होतं. माझ्या ओळखीच्या आसपासच्या गावांतली किरकोळ कामं तोंडी निरोपावर मिळत होती, त्यावर घर चाललं होतं. बायको एकदा म्हणाली, "नवरात्र तोंडावर आलं आणि एकाही दुकानदाराचा फोन नाही? जळगावची ती वही एकदा बघून तरी या." मी तिच्यावर रागावलो. म्हणालो, "त्याच्यावर संशय घेतेस?"

धुळ्याच्या बाजारात एका मारवाडी शेठजींचं कापडाचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी त्यांची पाटी मीच लिहायचो, दर वर्षी. त्यांना फ्लेक्स आवडत नाही. म्हणायचे, "हाताचं अक्षर बघून गिऱ्हाइक आत येतं." त्या दिवशी मी सुतळी आणायला बाजारात गेलो होतो. दुकानावरून जाताना वर पाहिलं, तर पाटी नवी होती. लाल जमीन, पांढरी अक्षरं, सोनेरी सावली. अक्षराची धाटणी माझी होती, पण लिहिणारा मी नव्हतो. 'ळ' पाहिला आणि लगेच ओळखला. गुरुभावाच्या 'ळ'ची डावी गाठ नेहमी उजवीपेक्षा मोठी होते. त्यावरून उस्ताद त्याला रोज बोलायचे.

मी आत गेलो. शेठजी गादीवरून उठलेच. एवढा मोठा माणूस, पण दोन्ही हातांनी माझा हात धरून त्यांनी मला खुर्चीत बसवलं.

"एकटेच आलात? रस्ता दिसतो ना नीट?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"डोळ्यांचं कसं आहे आता? डॉक्टर काय म्हणतात?"

"माझ्या डोळ्यांना काय झालंय शेठजी?"

त्यांनी नोकराला पाणी आणायला सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्या नंबरवर फोन केला होता. तुमच्या भावाने उचलला. म्हणाले, भाऊंचे डोळे गेले, ब्रश धरणं डॉक्टरांनी बंद केलंय, मीच येऊन लिहून देतो. फार वाईट वाटलं हो. घरी यायचं मनात होतं, जमलं नाही."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरखालची बारीक ओळ त्यांना बसल्या जागेवरून वाचून दाखवली. दुसरं काय करावं ते सुचलंच नाही. शेठजींचे डोळे पाणावले. ते आनंदाने, की फसवले गेल्यामुळे, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने जळगावला गेलो. त्याला आधी कळवलं नाही. दुकानात तो मशीनपाशी उभा होता. मला पाहून म्हणाला, "अरे! फोन तरी करायचा." माझं लक्ष त्याच्या टेबलाकडे गेलं होतं. तिथे उस्तादांची पेटी होती. सागाची, पितळी कडीची. त्यात खारीच्या केसांचे त्यांचे ब्रश होते. उस्ताद गेल्यावर त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना अक्का म्हणतो, दोघांसमोर सांगितलं होतं की ती पेटी हातची द्यायला त्यांना अजून धीर होत नाही, पण त्यांच्यामागे ती मोठ्याकडे जाईल. मोठा म्हणजे मी.

"ही इथं कशी?"

तो पेटीकडे पाहत राहिला. "अक्कांनी दिली."

"मला दिसत नाही म्हणून?"

तो खाली बसला. मग त्याने मशीन बंद केलं.

"पहिल्यांदा खोटं नव्हतं बोलायचं मले," तो म्हणाला. "शेठजींचा फोन आला. मी म्हटलं, भाऊ कामात आहेत, मी येतो. तर म्हणे, नको, आम्ही थांबू. फैजपूरचा केळीवाला व्यापारी, तोही म्हणे थांबतो. सगळे तुझ्यासाठी थांबतात. तीस वर्षं थांबतात. माझ्यासाठी कोणीच थांबलं नाही कधी. मग तोंडातून निघून गेलं. डोळे गेले म्हटलं की कोणी थांबत नाही."

"आणि अक्का?"

"त्यांनी कुठून तरी ऐकलं. मला फोन केला, रडत होत्या. म्हणाल्या, मोठ्याचे डोळेच गेले, आता पेटी तूच वापर. तेव्हा खरं सांगायला पाहिजे होतं. मन्हं चुकनं, भाऊ."

मी त्याला मारीन असं मला बसमध्ये वाटलं होतं. प्रत्यक्षात मी फक्त फोन मागितला. त्याने तो कपाटातून काढून दिला, चार्जही केलेला होता. पेटी त्याने माझ्यापुढे सरकवली. मी हात लावला नाही. म्हणालो, "ज्यांनी दिली त्यांना दे."

अक्कांकडे जायला अमळनेरच्या गाडीत बसलो आणि तीन महिन्यांनी फोन उघडला. ओळखीच्या माणसांचे निरोपावर निरोप होते. डोळ्यांची काळजी घ्या. आमच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत. तुमच्यासारखं अक्षर पुन्हा होणे नाही. आणि त्या प्रत्येकाखाली माझ्या नावाने उत्तर होतं. 'देवाची मर्जी.' 'आता भावाकडेच काम द्या.' एका जुन्या गिऱ्हाइकाने विचारलं होतं, अजिबात दिसत नाही का? त्याला उत्तर गेलं होतं, 'उजेड तेवढा कळतो.' हे लिहायला त्याला थोडं थांबून विचार करावा लागला असेल. ते वाक्य मी धरणगाव मागे पडेपर्यंत पाहत होतो. फोन माझ्याकडे असता तर यातलं काहीच झालं नसतं, हेही मनात येत होतं. आणि फोन सोडला नसता तर मारुतीच्या देवळातली ती दुपार मिळाली नसती, हेही.

अक्का दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी हाक मारली तशा उठल्या, जवळ आल्या आणि दोन्ही अंगठे माझ्या पापण्यांवरून फिरवले. मी सगळं सांगितलं. त्यांना एकदम पटलं नाही. आत गेल्या, त्यांच्या गोळ्यांचं पाकीट आणलं आणि म्हणाल्या, "वाच." मी त्यावरची बारीक अक्षरं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. त्या खाली बसल्या.

"तो माझ्यासमोर रडला रे," त्या म्हणाल्या. "पेटी घेताना रडला. मला वाटलं, तुझ्यासाठी रडतोय."

"कदाचित माझ्यासाठीच असेल, अक्का."

"नको बोलू असं. त्याची बाजू नको घेऊस माझ्यापुढे."

त्यांनी त्याला काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी पेटी जळगावहून एसटीच्या पार्सलने धुळ्याला आली. ब्रश रॉकेलने धुऊन, पुसून, नीट ओळीने लावलेले होते. चिठ्ठी नव्हती.

मग मी एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन आलो. फोनवर सांगून कोणाला खरं वाटलं नसतं. फैजपूरला जाऊन केळीच्या गाडीच्या मागच्या फळीवर त्या व्यापाऱ्यासमोर अक्षर काढून दाखवलं. बरेच जण परत आले, काही आले नाहीत. एकदा बातमी फिरली की ती मागे घेता येत नाही. अजूनही लग्नाकार्यात कोणीतरी भेटतं आणि म्हणतं, "ऑपरेशन छान झालं हो तुमचं." मी हो म्हणतो.

मोठा फोन आता बायकोच्या ताब्यात असतो. संध्याकाळी जेवणं झाल्यावर तासभर मी तो पाहतो, निरोप वाचतो, परत देतो. कामासाठी बटनाचा फोन, त्याचा नंबर मी स्वतः सगळ्यांना दिला. शिडीवर असताना तो वाजला तर वाजू देतो. त्याची आता सवय झाली आहे, फार जड जात नाही.

गुरुभावाशी बोलणं नाही. गेल्या महिन्यात जळगावच्या स्टँडवर तो समोरून आला. केस पांढरे झालेत. दोघंही थांबलो. तो म्हणाला, "कसं शे?" मी "बरं आहे" म्हणालो. माझी गाडी लागली होती, चढलो.

खरं सांगायचं तर काम करताना मन अजूनही मधेच उठून जातं. रेघ धरलेली असते, आणि एकदम त्याच्याशी मनात भांडण सुरू होतं. त्याच्या दुकानात जे बोललो नाही ते सगळं बोलतो. भानावर येतो तेव्हा ब्रशवरचा रंग घट्ट झालेला असतो. मग टर्पेंटाइनमध्ये बुडवून तो सैल करतो, फडक्याला पुसतो, मागचं अक्षर एकदा वाचून घेतो आणि पुढचं लिहायला लागतो.